आपला माणूस खुर्चीत बसला, आपला समाज कुठे बसला? डेट्रॉईटच्या महापौराचा उदय आणि अस्त

शोषित समाजातला एखादा नेता भ्रष्टाचाराच्या प्रकरणात सापडला की दोन आवाज लगेच उठतात. प्रस्थापित म्हणतात, "यांच्या हातात सत्ता दिली की असेच होणार." आणि आपल्यातले काही जण म्हणतात, "आपला माणूस मोठा झाला, म्हणून त्याला अडकवला." पहिला आवाज जातीयवादी आहे, त्याच्याशी आपला झगडा जुना आहे. पण दुसऱ्या आवाजाचे काय करायचे? तो प्रेमापोटी उठतो, अनुभवातून उठतो, कधी कधी खराही असतो. आणि नेमका म्हणूनच तो चोरालाही उपयोगी पडतो. या दोन्ही आवाजांच्या गोंगाटात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही: लुटलेला पैसा कुणाचा होता?

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा असेल तर अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराचा इतिहास वाचावा लागतो. कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते नवे नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रसंघाकडे कोणते निवेदन देत आहेत, याची माहिती मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यांच्या विजयांतून आपण बळ घेतले असेल, तर त्यांच्या पराभवांतून शहाणपणही घेतले पाहिजे.

महापौर होण्याआधीचा इतिहास

डेट्रॉईट म्हणजे मोटारींचे शहर. दक्षिणेतल्या राज्यांतले वंशभेदाचे कायदे, लिंचिंग आणि सावकारी शेतीला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय विसाव्या शतकात उत्तरेकडे आले. त्यातले अनेक जण फोर्ड आणि इतर कंपन्यांच्या कारखान्यांत कामाला लागले. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती. पण काम मिळाले म्हणून समता मिळाली असे नाही. कृष्णवर्णीयांनी कुठे राहायचे हे ठरलेले होते. १९४१ मध्ये आठ मैल रस्त्याजवळ एका बिल्डरने गोऱ्यांची वस्ती वेगळी दिसावी म्हणून चक्क भिंत बांधली. ती केल्याशिवाय सरकारी हमीचे गृहकर्ज मिळत नव्हते. ती भिंत आजही उभी आहे. कृष्णवर्णीयांची ब्लॅक बॉटम ही गजबजलेली वस्ती पुनर्विकास आणि महामार्गाच्या नावाखाली जमीनदोस्त झाली. गावकुसाची भिंत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

१९६७ च्या जुलैमध्ये पोलिसांच्या एका छाप्यातून उठाव पेटला आणि ४३ माणसे मेली. गोरे कुटुंबे आधीपासूनच उपनगरांत जात होती, त्यानंतर तो ओघ वाढला. त्यांच्याबरोबर कर गेला, दुकाने गेली, कारखाने गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की शाळांमधला वंशभेद मोडण्यासाठी उपनगरांना सक्तीने सामील करून घेता येणार नाही. म्हणजे शहराची हद्द हीच नवी भिंत झाली.

त्याच वर्षी कोलमन यंग हे डेट्रॉईटचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून खुर्चीत बसले. कामगार चळवळीतून आलेला हा माणूस. १९५२ मध्ये संसदेच्या चौकशी समितीसमोर त्यांनी मान झुकवली नव्हती. कृष्णवर्णीय तरुणांच्या जिवावर उठलेले पोलिसांचे एक पथक त्यांनी बंद केले आणि पोलीस दलात कृष्णवर्णीयांची भरती वाढवली. ते वीस वर्षे महापौर राहिले. त्यांच्या कारभारावर टीका झाली, त्यातली काही रास्तही होती. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: कृष्णवर्णीयांच्या हातात शहर आले तेव्हा तिजोरी आधीच रिकामी होऊ लागली होती. रिकामे घर वारशात मिळालेल्या माणसाला "तुम्हाला घर सांभाळता येत नाही" म्हणणे सोपे असते.

क्वामे किलपॅट्रिकचा उदय

या वारशात १९७० मध्ये क्वामे किलपॅट्रिकचा जन्म झाला. आई कॅरोलिन आधी राज्याच्या विधिमंडळात आणि पुढे अमेरिकेच्या संसदेत. वडील बर्नार्ड वेन काउंटीच्या कारभारातले वजनदार नाव. आई १९९६ मध्ये संसदेवर निवडून गेल्यावर तिच्या रिकाम्या झालेल्या जागेवर मुलगा विधिमंडळात गेला. २००१ मध्ये तो तिथे आपल्या पक्षाचा नेता झाला. मिशिगनच्या विधिमंडळात पक्षनेतेपदी पोहोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्याने महापौरपदाची निवडणूक जिंकली आणि जानेवारी २००२ मध्ये वयाच्या ३१ व्या वर्षी सूत्रे घेतली. डेट्रॉईटच्या इतिहासातला तो सर्वात तरुण महापौर.

साडेसहा फुटांच्या आसपास उंची, कानात हिऱ्याची कुडी, भाषणात चर्चच्या उपदेशकाची लय. लोक त्याला "हिप-हॉप महापौर" म्हणू लागले. ज्या तरुणांना सरकारी कार्यालयात नेहमी परके वाटे, त्यांना तो आपल्यातला वाटला. त्याच्या काळात नदीकाठाच्या सुशोभीकरणाला गती आली, मध्यवर्ती भागात नवे उद्यान उघडले, २००६ मध्ये सुपर बाउलचा सामना शहरात झाला. हे नाकारण्याचे कारण नाही. माणूस हुशार होता. म्हणूनच त्याचे पतन हे फक्त एका माणसाचे पतन ठरले नाही.

इथे एक फरक सांगायला हवा. आपल्याकडे महापालिकेत महापौर सभागृह चालवतो, पण कार्यकारी अधिकार आयुक्ताच्या हातात असतात. डेट्रॉईटमध्ये तसे नाही. तिथे महापौर हाच शहराचा प्रशासक. खातेप्रमुख तो नेमतो, पोलीस प्रमुख तो नेमतो, कंत्राटांवर त्याचा शब्द चालतो. त्यात पाणी व मलनिस्सारण खाते प्रदूषणाच्या खटल्यामुळे अनेक वर्षे संघराज्य न्यायालयाच्या देखरेखीखाली होते आणि न्यायाधीशाने महापौरालाच त्या खात्याचे विशेष अधिकार दिले होते. हे खाते फक्त शहराला नाही, तर आसपासच्या अनेक उपनगरांनाही पाणी पुरवत होते. गटारांची, जलवाहिन्यांची कोट्यवधी डॉलरची कामे तिथून निघत. किल्ली एकाच माणसाच्या खिशात होती.

टक्केवारीचा कारखाना

पहिल्याच कार्यकाळात वास येऊ लागला. पत्नीसाठी शहराच्या पैशातून आलिशान गाडी भाड्याने घेतल्याचे उघड झाले. शहराच्या क्रेडिट कार्डावर ३३ महिन्यांत दोन लाख डॉलरहून अधिक खर्च झाल्याचे "डेट्रॉईट फ्री प्रेस"ने छापले. त्याच काळात शहराच्या अंदाजपत्रकात मोठी तूट होती आणि कर्मचाऱ्यांची कपात सुरू होती. तरीही २००५ मध्ये तो पुन्हा निवडून आला. प्राथमिक फेरीत मागे पडलेला माणूस शेवटच्या फेरीत जिंकला, कारण आपला माणूस बाहेरच्यांच्या हल्ल्यात सापडला आहे ही भावना मतपेटीपर्यंत पोहोचली.

पण खरा कारखाना कंत्राटांत चालू होता. बॉबी फर्ग्युसन हा महापौराचा जुना मित्र आणि ठेकेदार. मोठ्या कंपन्यांना निरोप जाई की काम हवे असेल तर फर्ग्युसनला सोबत घ्या. ज्यांनी घेतले नाही त्यांची कामे अडली, रद्द झाली किंवा दुसऱ्याला गेली. काही कंपन्यांनी फर्ग्युसनला काम न करताही पैसे दिले. न्यायालयाने याला खंडणी म्हटले. आपल्याकडे याला टक्केवारी म्हणतात.

यातली सगळ्यात क्लेशदायक गोष्ट वेगळीच आहे. डेट्रॉईटमध्ये स्थानिक आणि अल्पसंख्याक ठेकेदारांना प्राधान्य देण्याचे धोरण होते. पिढ्यानुपिढ्या गोऱ्या कंपन्यांनी सगळी कामे खाल्ली, म्हणून लढून मिळवलेले हे धोरण. ते योग्यच होते. बचाव पक्षाने न्यायालयात हेच सांगितले की महापौर कृष्णवर्णीय ठेकेदारांना पुढे आणत होता. पण पुराव्यात काय दिसले? पुढे आला तो एकच ठेकेदार, महापौराचा मित्र. इतर कृष्णवर्णीय ठेकेदारांनाही या दादागिरीचा फटका बसला. म्हणजे समाजाच्या नावाने मिळवलेला हक्क एका मैत्रीच्या खिशात गेला. आणि उद्या ते धोरणच रद्द करा म्हणणाऱ्यांना आयते उदाहरण मिळाले.

दुसरी गोष्ट, "किलपॅट्रिक सिव्हिक फंड". शहरातले तरुण आणि वस्त्या यांच्या भल्यासाठी म्हणून हा निधी उभारला होता. लोकांनी, कंपन्यांनी त्यात पैसे टाकले. त्यातून योगाचे आणि गोल्फचे वर्ग, कुटुंबाचा प्रवास असे खर्च झाले. खटल्यात एका कर अधिकाऱ्याने साक्ष दिली की महापौराने आपल्या ज्ञात उत्पन्नापेक्षा सुमारे ८ लाख ४० हजार डॉलर जास्त खर्च केले होते.

जागल्याला शिक्षा, शहराला दंड

सत्तेला तडा गेला तो कंत्राटांमुळे नाही, एका बडतर्फीमुळे. गॅरी ब्राऊन हे पोलीस दलाचे उपप्रमुख, स्वतः कृष्णवर्णीय. त्यांनी महापौराच्या अंगरक्षकांच्या गैरकारभाराची चौकशी सुरू केली. २००३ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. तक्रार करणारा अंगरक्षकही अडचणीत आला. दोघे न्यायालयात गेले. २००७ च्या खटल्यात महापौर आणि त्याची कार्यालयप्रमुख क्रिस्टीन बीटी या दोघांनी शपथेवर सांगितले की आमच्यात प्रेमसंबंध नाहीत. ज्युरीने पोलिसांच्या बाजूने ६५ लाख डॉलरचा निकाल दिला. महापौर आधी अपील करणार म्हणाला, मग अचानक आणखी एका पोलिसाचा दावा धरून ८४ लाख डॉलरवर तडजोड केली. का? कारण त्या दोघांचे पेजरवरचे संदेश विरोधी वकिलाच्या हाती लागले होते. ते बाहेर येऊ नयेत, असा गुप्त करार या तडजोडीच्या पोटात होता. पैसे शहराचे, अब्रू महापौराची.

जानेवारी २००८ मध्ये "फ्री प्रेस"ने ते संदेश छापले. शपथेवरचे खोटे उघडे पडले. या वार्तांकनाला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळाले.

११ मार्च २००८ रोजी महापौराने शहरासमोर वार्षिक भाषण केले. भाषणाच्या शेवटी ठरलेला मजकूर सोडून त्याने आपल्याला येणाऱ्या वंशद्वेषी शिव्यांचा उल्लेख केला, तो घाणेरडा शब्द उच्चारला आणि आपल्यावर लिंचिंग करणाऱ्या जमावासारखा हल्ला होत असल्याचे सांगितले. सभागृहात टाळ्या वाजल्या.

मित्रांनो, इथे थांबून विचार करा. वंशद्वेष खोटा होता का? अजिबात नाही. डेट्रॉईटच्या उपनगरांत त्याच्या पतनावर टपून बसलेले लोक होतेच. पण ज्या लिंचिंगमध्ये हजारो निरपराध कृष्णवर्णीय झाडांना लटकवले गेले, त्या वेदनेची ढाल करून कुणी शपथेवरचे खोटे झाकत असेल, तर तो कुणाचा अपमान करतो? तो त्या मृतांचा अपमान करतो.

आणि त्याच्या विरोधात उभे कोण होते ते पाहा. बडतर्फ झालेला ब्राऊन कृष्णवर्णीय. शहर परिषद कृष्णवर्णीय बहुमताची, तिने सात विरुद्ध एक मताने राजीनामा मागितला. आरोपपत्र दाखल करणाऱ्या काउंटी वकील किम वर्दी या त्या पदावरच्या मिशिगनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय. हा कट होता तर तो आपल्याच माणसांचा कट म्हणावा लागेल. की समाजातल्या प्रामाणिक माणसांनी आपले घर साफ करायला घेतले होते?

सप्टेंबर २००८ मध्ये किलपॅट्रिकने न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचे दोन गुन्हे कबूल केले, पद सोडले, चार महिन्यांची कैद आणि शहराला दहा लाख डॉलर परत देण्याची अट स्वीकारली. सुटल्यावर ते पैसे देताना मालमत्ता लपवली म्हणून २०१० मध्ये तो पुन्हा तुरुंगात गेला. त्याच वर्षी संघराज्य सरकारने मोठा खटला भरला. ११ मार्च २०१३ रोजी, त्या भाषणाला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, ज्युरीने त्याला संघटित गुन्हेगारीचा कट, खंडणी, लाच, फसवणूक आणि करचुकवेगिरी अशा २४ आरोपांत दोषी ठरवले. ऑक्टोबरमध्ये शिक्षा झाली, २८ वर्षे. फर्ग्युसनला २१ वर्षे.

ही शिक्षा तो कृष्णवर्णीय म्हणून जास्त झाली का? प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण अमेरिकेच्या तुरुंगांचा इतिहास तसाच आहे. पण उत्तरही पुराव्यानेच द्यायला हवे. एक वर्ष आधी शेजारच्या ओहायोत जिमी डिमोरा या गोऱ्या काउंटी आयुक्ताला अशाच टक्केवारीसाठी २८ वर्षांचीच शिक्षा झाली होती. इलिनॉयचा गोरा राज्यपाल रॉड ब्लागोयेविच याला मात्र १४ वर्षे मिळाली. म्हणजे शिक्षा कठोर होती असे कुणी म्हणू शकतो, पण ती फक्त रंगामुळे झाली असे म्हणता येत नाही.

२० जानेवारी २०२१ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी पद सोडताना त्याची उरलेली शिक्षा कमी केली आणि तो सुटला. दोष मात्र पुसला गेला नाही. ब्लागोयेविचलाही वर्षभर आधी त्यांनीच सोडले होते. गरीब कृष्णवर्णीय तरुणाला किरकोळ गुन्ह्यात अशी दया मिळवायला दारोदार फिरावे लागते. वर ओळख असलेल्याला ती थेट मिळते. वर्ग हा असा काम करतो.

बिल कुणी भरले?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. निकालानंतर तीनच दिवसांनी, १४ मार्च २०१३ रोजी, मिशिगनच्या गोऱ्या राज्यपालाने डेट्रॉईटवर आपत्कालीन व्यवस्थापक नेमला. आधीचा तसा कायदा मिशिगनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये सार्वमतात फेटाळला होता. विधिमंडळाने डिसेंबरमध्ये तो थोडा बदलून पुन्हा आणला. सात लाखांच्या कृष्णवर्णीय बहुल शहराचे निवडून आलेले महापौर आणि परिषद कागदावर राहिले, सत्ता एका नेमलेल्या माणसाकडे गेली. तो माणूस, केव्हिन ऑर, स्वतः कृष्णवर्णीय वकील होता, हेही विसरू नका. खुर्चीतला चेहरा आपला असणे आणि निर्णय आपला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८ जुलै २०१३ रोजी शहराने सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांसह दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेच्या इतिहासातली शहराची सर्वात मोठी दिवाळखोरी. ही दिवाळखोरी किलपॅट्रिकने आणली असे म्हणणे खोटे ठरेल. कारखाने गेले, गोरी वस्ती आणि तिचा कर गेला, राज्याने मदत कापली. १९५० च्या साडेअठरा लाखांतून २०१० मध्ये ७ लाख १३ हजार माणसे उरली. हा साठ वर्षांचा व्यवस्थेचा गुन्हा आहे. पण त्याच्या कारकिर्दीतही २००५ मध्ये पेन्शनसाठी सुमारे १.४ अब्ज डॉलरचे गुंतागुंतीचे कर्ज उचलले गेले आणि ते व्याजाच्या करारांसह शहराच्या गळ्यात फास होऊन बसले. बुडत्या जहाजाला भोक त्याने पाडले नाही; पण पाणी उपसायला दिलेली बादली त्याने विकली.

शेवटी सामान्य निवृत्त कर्मचाऱ्यांची पेन्शन ४.५ टक्के कापली गेली आणि महागाईची वाढ बंद झाली. आयुष्यभर बस चालवलेली, कचरा उचललेली, पाण्याच्या वाहिन्या दुरुस्त केलेली माणसे. २०१४ मध्ये बिल थकले म्हणून हजारो घरांचे पाणी तोडले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी हे मानवी हक्कांचे उल्लंघन असल्याचे सांगितले. ज्या खात्याच्या कंत्राटांवर मित्रांनी हात धुतले, त्याच खात्याने गरिबांच्या घरातला नळ बंद केला. महाडचे चवदार तळे ज्यांच्या इतिहासात आहे, त्यांना पाणी तोडणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग आपण काय घ्यायचे?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात इशारा दिला होता की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात ती अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा आपण इतरांच्या नेत्यांसाठी नेहमी वापरतो. तो आपल्या नेत्यांनाही लागू आहे.

प्रतिनिधित्वाची लढाई सोडायची नाही. राखीव जागा, राखीव महापौरपद, कंत्राटांत वाटा, हे आपले हक्क आहेत आणि एका चोरामुळे ते कमी होत नाहीत. सवर्ण नेता चोर निघाला म्हणून सवर्णांना सत्ता नको, असे कुणी कधी म्हणत नाही. पण प्रतिनिधी निवडून दिला की आपले काम संपत नाही, तिथून सुरू होते. समाजाच्या नावाने पावती फाडणाऱ्या प्रत्येक निधीचा हिशोब दरवर्षी मागायचा, मग तो जयंतीचा असो, विहाराचा असो की नेत्याच्या प्रतिष्ठानचा. आपल्या वॉर्डातले काम कुणाला मिळाले, किती वेळा त्याच ठेकेदाराला मिळाले, हे माहिती अधिकारात काढायचे. आणि आपल्यातला कुणी गॅरी ब्राऊन बोलू लागला, तर त्याला "समाजद्रोही" म्हणण्याआधी कागद मागायचे.

ब्राऊन यांचे पुढे काय झाले? ते शहर परिषदेवर निवडून आले आणि नंतर डेट्रॉईटच्या त्याच पाणी खात्याचे संचालक झाले. ज्या समाजाने किलपॅट्रिक दिला, त्याच समाजाने ब्राऊन दिले, किम वर्दी दिल्या. आपल्याही समाजात दोन्ही प्रकारची माणसे आहेत. प्रश्न एवढाच आहे की अडचणीच्या वेळी आपण कुणाच्या पाठीशी उभे राहतो. कटाची शंका आली तर ती जरूर घ्या, कट होतातही. पण शंकेबरोबर हिशोबाची वहीही उघडा. "आपला माणूस" ही ओळख त्याने आपल्याकडून मागून घ्यायची नसते, ती त्याने रोज कमवायची असते.

जय भीम!